पतंगाच्या किन्न्यापासून पॅराग्लायडरच्या पंखापर्यंत

बडोदे शहराच्या जुन्या तटास चार दिशांना चार दरवाजे आहेत. पश्चिमेस लहरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडीगेट व पूर्वेस पाणीगेट. गायकवाडांच्या अमदानीपासून या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी गुजरातचा एक सण पूर्णपणे आपला मानला आहे, तो उत्तरायणाचा. १४ जानेवारीस पाणीगेटच्या परिसरात रस्ते ओस आणि गच्च्या भरलेल्या असतात. घरात तिळगूळ वाटला जातो, गच्चीवर उंधियूचा बेत असतो, आणि समोरचा पतंग कापला गेला की ‘काप्यो छे’ ही आरोळी मराठी व गुजराती मुले सारख्याच उत्साहाने ठोकतात.

या गच्चीवरील दहा वर्षांच्या मुलास वायुगतिशास्त्र हा शब्द ठाऊक नसतो. परंतु पतंग नाक वर करून नुसताच ताण देत असेल तर किन्न्याची वरची दोरी किंचित आखूड करावी, हे त्यास ठाऊक असते. किन्ना म्हणजे पतंगाच्या उभ्या काडीस वर व खाली छिद्रे पाडून बांधलेली दुहेरी दोरी. मांजा हिलाच जोडला जातो. पतंग एकीकडे झुकत असेल तर दुसऱ्या बाजूस थोडे वजन द्यावे, लहान भावंडाच्या पतंगास शेपूट लावावे म्हणजे तो स्थिर राहतो, आणि पेच लढवायचा असेल तर मात्र शेपूट नको, हेही त्यास कोणी शिकवावे लागत नाही. एवढ्या भांडवलावर पॅराग्लायडर या साधनाचे उड्डाणगुण समजून घेता येतात. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

हा विषय आता केवळ हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील कामशेतच्या आसपासच्या टेकड्यांवरून गेल्या पाव शतकाहून अधिक काळ पॅराग्लायडर उडत आहेत व तेथे त्याचे शिक्षणही दिले जाते. पाचगणी व गोव्याचा किनारा या ठिकाणीही ही उड्डाणे होत आली आहेत. पंख उतरतो तो कोणा ना कोणा शेतकऱ्याच्या वावरात. परवानगीचा अर्ज येतो तो ग्रामपंचायतीकडे वा तहसील कचेरीत. आणि सहलीला गेलेल्या मुलांचा हट्ट निभवावा लागतो तो शिक्षकास. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यातील पेडणे तालुक्यात केरी येथे पठारावरून निघालेल्या दुहेरी उड्डाणात पर्यटक व चालक असे दोघेही मृत्युमुखी पडले. अशा वेळी या साधनाबद्दल चार गोष्टी नीट माहीत असणे सर्व संबंधितांच्या हिताचे आहे.

पंखाचे मूळ

पॅराग्लायडरचे मूळ पॅराशूटमध्ये आहे असे म्हणतात, आणि ते खरे आहे. परंतु त्या पॅराशूटचे मूळ पतंगात आहे, हे फारसे सांगितले जात नाही. डोमिना जाल्बर्ट हे अमेरिकेत स्थायिक झालेले पतंग बनविणारे गृहस्थ. १९६४ मध्ये त्यांनी एका नव्या पंखाच्या एकस्वासाठी अर्ज केला. या पंखात काडी नव्हती, कमान नव्हती. होते ते केवळ कापड. वर एक व खाली एक अशी कापडाची दोन अंगे, त्यांच्यामध्ये उभ्या पडद्यांनी पाडलेले कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याचे तोंड पुढच्या बाजूस उघडे. वारा तोंडातून आत शिरतो, कप्पे फुगतात आणि मऊ कापडास विमानाच्या पंखासारखा आकार येतो. मागून शिवलेल्या उशीच्या अभ्र्याचे तोंड वाऱ्याकडे धरले असता तो जसा ताठ होतो, तसाच हा प्रकार होय.

विमानातून उडी घेणाऱ्यांनी हे पॅराशूट आपलेसे केले. पुढे १९७८ मध्ये फ्रान्समधील आल्प्स पर्वतात मियुसी या गावी तीन पॅराशूटवाल्यांनी विचार केला की, सरावासाठी दरवेळी विमानाचे भाडे का भरावे? त्यांनी डोंगर उतारावरच पंख पसरला व धावत जाऊन हवेत झेप घेतली. आजचा खेळ तेथून वाढीस लागला. त्यानंतर पंख लांबट झाला, दोऱ्या बारीक झाल्या, कापड हवाबंद झाले. मूळ कल्पना मात्र तीच राहिली.

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. समुद्रकिनाऱ्यावर मोटारबोटीने वा जीपने ओढली जाणारी, प्रवाशास वर उचलणारी जी छत्री असते, ते पॅरासेलिंग. तेथे दोर शेवटपर्यंत जोडलेला असतो व माणूस त्या दोराचा बंदी असतो. पॅराग्लायडरमध्ये माणूस स्वतः पंख चालवितो. बडोद्यासारख्या सपाट मुलखात, जेथे टेकडी नाही, तेथे पॅराग्लायडरलाही दोराने ओढून वर नेता येते; परंतु पुरेशी उंची मिळताच वैमानिक तो दोर सोडून देतो. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने हे दोन प्रकार एकाच फाइलीत घालू नयेत.

दोर तुटला तरी उडणारा पतंग

पतंगाचा दोर तुटला की पतंग हेलकावे खात खाली येतो. कारण त्यास वाऱ्यात तिरपे धरून ठेवणारे बळ दोराच्या ताणात होते. पॅराग्लायडरला असा दोर नाही. त्याच्या खाली सुमारे सात ते आठ मीटरवर पट्टेदार झोळ्यात बसलेल्या माणसाचे वजनच दोराचे काम करते. वजन पंखास खाली ओढते, पंख हवेतून पुढे व किंचित खाली घसरतो, आणि घसरताना स्वतःच स्वतःचा वारा निर्माण करतो. म्हणूनच शांत हवेतही तो उडू शकतो. त्यासाठी द्यावे लागणारे मोल म्हणजे उंची.

पंख वर का उचलला जातो, याचे एक स्पष्टीकरण पुष्कळ पाठ्यपुस्तकांतून आढळते. पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेस लांबचा रस्ता पडतो, म्हणून ती खालच्या हवेची गाठ घेण्यासाठी अधिक वेगाने धावते, असे ते सांगते. हवेच्या दोन कणांनी मागच्या कडेस एकाच वेळी भेटावे असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा त्याहून कितीतरी आधी पोहोचते. शिक्षकांनी हे स्पष्टीकरण वर्गात देऊ नये. पंख हवेच्या प्रवाहास खाली वळवितो, त्याची प्रतिक्रिया म्हणून पंखावर वर उचलणारे बळ लागते, आणि हे घडताना पंखाच्या वरच्या अंगावर दाब कमी व खालच्या अंगावर अधिक असतो, एवढे सांगणे शुद्धही आहे व पुरेसेही.

हे बळ दोन गोष्टींवर मुख्यतः अवलंबून असते : हवेतील वेग, आणि समोरून येणाऱ्या हवेशी पंखाने केलेला कोन. या कोनास आघातकोन म्हणू. वेग दुप्पट झाला तर बळ चौपट होते. कोन वाढविला तर एका मर्यादेपर्यंत बळ वाढते. ती मर्यादा ओलांडली की हवा पंखाच्या वरच्या अंगास धरून वाहत नाही, ती सुटते, आणि पंख एकाएकी बसतो. यास स्टॉल म्हणतात. उलट कोन फारच कमी झाला तर पंखाची पुढची कड वरून दाबली जाऊन आत दुमडते आणि पंखाचा एक भाग, क्वचित सगळाच पंख, मिटतो. विमानाचा पंख ताठ असल्याने त्यास पहिले भय आहे, दुसरे नाही. पॅराग्लायडरला दोन्ही आहेत. या साधनाचे सर्व गुणदोष या एका वाक्याभोवती फिरतात.

आता किन्ना आठवावा. वरची दोरी आखूड केली की पतंगाचे नाक पुढे झुकते, कोन कमी होतो, ताण हलका होतो आणि पतंग डोक्यावर जातो. पॅराग्लायडरच्या वैमानिकाच्या पायाशी एक आडवी दांडी असते. तिच्यावर पाय दाबला असता पंखाच्या पुढच्या दोऱ्या आखूड होतात, आघातकोन कमी होतो आणि वेग वाढतो. किन्न्याचीच ही युक्ती, फरक इतकाच की ती हवेत असताना हवी तेव्हा करता येते. हातातील दोन दोऱ्या, ज्यांस ब्रेक म्हणतात, त्या पंखाची मागची कड खाली ओढतात. दोन्ही ओढल्या तर वेग कमी होतो, एक ओढली तर पंख त्या बाजूस वळतो, आणि फार ओढल्या तर तो बसतो.

आकडे काय सांगतात

एका माणसासाठी असलेल्या पंखाचे कापड साधारण २२ ते २८ चौरस मीटर भरते, आणि पंखाचे वजन असते अवघे ४ ते ६ किलो. सर्व दोऱ्यांची लांबी एकत्र केली तर ती दोनशे मीटरच्या पुढे जाते. ब्रेक व दांडी यांना हात-पाय न लावता, म्हणजे पंखास मोकळे सोडले असता, वेग ताशी ३७ ते ३९ किलोमीटर राहतो. ब्रेक ओढून तो ताशी २५ किलोमीटरच्या आसपास आणता येतो. दांडी पूर्ण दाबून मध्यम श्रेणीचा चपळ पंख ताशी ५० किलोमीटरच्या जवळपास पोहोचतो. सायकलपेक्षा जलद आणि मोपेडइतका, असे म्हटले तर चूक होणार नाही.

दुसरा आकडा तरंगप्रमाणाचा. एक मीटर खाली येताना पंख किती मीटर पुढे जातो, ते हे प्रमाण. शिकाऊ पंखाचे ते ८ च्या आसपास, चपळ मध्यम पंखाचे ९ ते ९.५, आणि स्पर्धेच्या पंखांचे १० ते ११ च्या पुढे असते. ताठ पंखांच्या ग्लायडर विमानाचे हेच प्रमाण ४० च्या पुढे जाते, हे लक्षात घेतले म्हणजे कापडाच्या पंखाबद्दल फाजील कल्पना राहत नाहीत.

पंखाची जाहिरात करणारे या आकड्यावर फार भर देतात. तो कितपत खरा ठरतो, हे उदाहरणाने पाहू. टेकडी पायथ्यापासून २०० मीटर उंच आहे, पंखाचे तरंगप्रमाण ९ आहे व वेग ताशी ३८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे १०.६ मीटर आहे. मग खाली येण्याचा वेग सेकंदास सुमारे १.१७ मीटर झाला. शांत हवेत हा पंख १,८०० मीटरवर उतरेल. शिकाऊ पंख १,६०० मीटरवर उतरला असता. फरक २०० मीटरचा.

आता समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा येत आहे असे समजा. हवेतील वेग तोच राहिला तरी जमिनीवरचा वेग ताशी ८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे २.२ मीटर उरला. खाली येण्याचा वेग बदललेला नाही. पंख आता ३८० मीटरवरच उतरतो. दांडी दाबून वेग ताशी ४८ किलोमीटर केला, आणि त्यामुळे खाली येण्याचा वेग सेकंदास १.८ मीटर झाला असे धरले, तर शांत हवेत तरंगप्रमाण घटून ७.४ होते, परंतु या वाऱ्यात जमिनीवरचा वेग सेकंदास ५ मीटर राहत असल्याने पंख सुमारे ५५५ मीटरपर्यंत जातो. समोरच्या वाऱ्यात वेग कामास येतो, तरंगप्रमाण नव्हे.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. पतंगाच्या गच्चीवर ज्या वाऱ्याने मंडळी खूश होतात, तोच वारा पॅराग्लायडरला अडचणीचा ठरू शकतो. ज्या पंखाचा मोकळा वेग ताशी ३८ किलोमीटर आहे, त्यास ताशी ३५ किलोमीटरच्या वाऱ्यात जवळपास एका जागी उभे राहावे लागते, आणि झुळूक वाढली तर तो पाठमोरा डोंगराच्या मागे ढकलला जातो, जेथे हवा भोवऱ्यांनी गढूळ झालेली असते. टेकडीवर सकाळपासून माणसे पंख गुंडाळून नुसतीच बसलेली दिसली, तर ती आळशी आहेत असे गावकऱ्यांनी समजू नये.

वजनाचा प्रश्न

प्रत्येक पंखावर वजनाची कक्षा छापलेली असते, उदाहरणार्थ ७५ ते ९५ किलो. हे वजन केवळ माणसाचे नसून माणूस, झोळा, राखीव छत्री, कपडे, पाणी व खुद्द पंख या सर्वांचे मिळून असते. ७० किलोच्या माणसाचे ते सहज ८५ ते ९० किलो भरते.

पंखावर भार वाढला की वेग त्या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. भार १० टक्के वाढला तर वेग सुमारे ५ टक्के वाढतो, खाली येण्याचा वेगही तितकाच वाढतो, आणि तरंगप्रमाण मात्र तेच राहते. जड माणूस लवकर पडतो असे जे सर्वसाधारण मत आहे, ते म्हणूनच अर्धेच खरे आहे : तो लवकर खाली येतो, पण तितक्याच दूर जाऊन. कक्षेच्या वरच्या टोकास असलेला पंख ताठ, चलाख व वेगवान वाटतो. खालच्या टोकास तोच पंख सुस्त होतो आणि खळबळीच्या हवेत अधिक सहज मिटतो. परंतु जास्त भाराचा पंख मिटला तर त्याचे वळणे व झेपावणे अधिक जोराचे असते. एकच पंख दोन माणसांस दोन स्वभावांचा का वाटतो, याचे उत्तर बहुधा वजनाच्या काट्यावर सापडते.

अक्षराची श्रेणी आणि चपळ मध्यम पंख

युरोपीय मानकानुसार पंखांच्या ए, बी, सी व डी अशा चार श्रेणी केल्या जातात आणि आपल्याकडे येणाऱ्या पंखांवरही हीच अक्षरे असतात. येथे पुष्कळांचा असा समज असतो की, ही श्रेणी वेगाची वा गुणवत्तेची आहे, आणि डी हा ए पेक्षा ‘वरचा’ आहे. तसे नाही. पंखाच्या बळकटीची कसोटी सर्व श्रेणींस सारखीच आहे; कमाल वजनाच्या आठपट भार त्यास सोसून दाखवावा लागतो. श्रेणी ठरते ती दुसऱ्याच गोष्टीवर : बिघडले तर पंख स्वतःहून कितपत सावरतो, आणि त्यासाठी वैमानिकाकडून किती कौशल्याची अपेक्षा करतो.

ही परीक्षा घेण्याची रीत मनोरंजक आहे. कसलेला परीक्षक वैमानिक हवेत जाऊन पंखाची पुढची कड मुद्दाम ओढून दुमडतो, अर्धा पंख मिटवतो, त्यास बसवतो, गरगरा फिरवितो आणि मग काहीच न करता पाहत राहतो. पंख किती अंशांतून वळला, किती पुढे झेपावला, किती वेळात पुन्हा फुगला, याची नोंद होते. कक्षेतील किमान व कमाल अशा दोन्ही वजनांवर या चाचण्या होतात. प्रत्येक चाचणीस वेगळे अक्षर मिळते आणि सर्वांत वाईट अक्षर हीच त्या पंखाची श्रेणी ठरते. वीस विषयांत पहिला वर्ग असून एका विषयात तिसरा मिळाला तर प्रगतिपुस्तकावर तिसराच वर्ग लिहावा, तसा हा कडक न्याय आहे. आणि तो योग्यच आहे.

ए श्रेणीचा पंख म्हणजे शेपटाचा पतंग. तो धिम्या गतीने चालतो, चुका पोटात घालतो. सी आणि डी म्हणजे पेच लढविणाऱ्याचा पतंग. आपला लढाऊ पतंग कसा वागतो ते पाहावे : दोर ताणला की त्याची कमान वाकते, दोन्ही कडा मागे जातात आणि तो नाकाच्या रोखाने सरळ सुटतो, ढील दिली की तो सपाट होतो, अस्थिर होतो आणि जागच्या जागी फिरू लागतो. ही अस्थिरताच खेळाडूच्या हाती असलेले शस्त्र आहे. नवशिक्याच्या हाती मात्र तोच पतंग शेजारच्या कौलावर गोता खातो.

बी श्रेणी या दोहोंच्या मध्ये आहे, आणि खरी मेख येथे आहे. या एका अक्षराखाली अगदी ए सारखे सौम्य पंखही येतात आणि सी च्या उंबरठ्यावरचे पंखही. उड्डाण करणारे लोक बोलण्यात खालचा बी व वरचा बी असा भेद करतात, परंतु प्रमाणपत्रावर तो नसतो. वरच्या बी मधील पंखास चपळ मध्यम पंख म्हणता येईल. त्याची लांबी त्याच्या रुंदीच्या मानाने अधिक असते. लांबीच्या वर्गास क्षेत्रफळाने भागून जे गुणोत्तर येते, ते शिकाऊ पंखात ५ च्या खाली, तर यात साडेपाचच्या आसपास असते. लांबट पंखाच्या टोकांशी हवेचे भोवरे कमी शक्ती खातात, म्हणून तो कमी उंची खर्चून दूर जातो. दोऱ्या थोड्या व बारीक असतात, त्यामुळे हवेचा रोध घटतो. ब्रेक थोडासा ओढताच तो वळतो. चढत्या झोताची कड पंखास लागली की ती खबर वैमानिकाच्या हातापर्यंत व बैठकीपर्यंत लगेच येते.

हे सर्व गुण खरे आहेत आणि ज्यास त्यांचा उपयोग करता येतो, त्यास हा पंख आनंद देतो. उन्हाने तापलेल्या नांगरटीवरून वा कातळावरून हवेचा झोत वर जातो. त्यात घार पंख न हलविता घिरट्या घेताना आपण रोज पाहतो. झोत सेकंदास ३ मीटरने चढत असेल व पंख वळणात सेकंदास १.२ मीटरने उतरत असेल, तर वैमानिक सेकंदास १.८ मीटरने वर जातो. शंभर सेकंदांत १८० मीटर. अरुंद झोतात घट्ट वळण घेऊन टिकून राहण्याची चपळ पंखाची शक्ती येथे कामास येते. हिमाचल प्रदेशातील बीड-बिलिंग येथे, जेथे २०१५ मध्ये जागतिक चषक स्पर्धा भरली होती, किंवा चांगल्या दिवशी मावळातही, दूरचा पल्ला गाठणारे वैमानिक असे एकामागून एक झोत जोडत जातात.

परंतु चपळ पंख जी गोष्ट वैमानिकाच्या आज्ञेने चटकन करतो, तीच गोष्ट तो आज्ञेविनाही चटकन करतो. त्याचा अर्धा भाग मिटला तर उरलेला अर्धा भाग अधिक वेगाने वळतो. तोवर वैमानिकाने वजन दुसऱ्या बाजूस टाकून, ब्रेकचा अचूक स्पर्श देऊन दिशा राखली नाही तर पंख खोल भोवऱ्यात उतरू शकतो. वळण जितके तिरपे तितका भार अधिक : ४५ अंशांच्या तिरपेपणात १.४ पट, ६० अंशांत दुप्पट. घाबरून ब्रेक जोरात ओढला तर दुसरे संकट, म्हणजे स्टॉल, समोर उभे राहते. ए श्रेणीच्या पंखावर हात वर करून स्वस्थ बसणे हा बहुतेक वेळा पुरेसा उपाय असतो. वरच्या बी पंखावर तो पुरेलच असे नाही. शिवाय दांडी दाबलेली असताना आघातकोन आधीच कमी असतो, म्हणून त्या स्थितीत पंख मिटण्याचा संभव वाढतो व मिटणे अधिक झटक्याने होते. जाहिरातीतील कमाल वेगाचा आकडा वाचताना हे वाक्य शेजारी लिहून ठेवावे.

प्रमाणपत्राच्या चाचण्या शांत हवेत, बहुधा पाण्यावर आणि तज्ज्ञ वैमानिकाकडून घेतल्या जातात, हेही विसरता येत नाही. एप्रिलमधील दुपारी दोन वाजताची मावळातील हवा त्या प्रमाणपत्रात नसते. माझ्या मते निदान पहिली पन्नास तासांची उड्डाणे ए किंवा सौम्य बी पंखावर झाल्याशिवाय चपळ पंख विकत घेण्याचे कारण नाही. वर पाहिलेला २०० मीटरचा फरक झोत ओळखण्याच्या एका चांगल्या सवयीने कितीतरी पटीने भरून निघतो. पैसे असले म्हणजे वरचा पंख घ्यावा, ही मोटारीच्या बाजारातील रीत येथे चालत नाही.

परवानगी देणाऱ्यांनी व उडणाऱ्यांनी काय पाहावे

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून अशा व्यवसायांस नोंदणी आवश्यक केली आहे. नोंदणीचा कागद पाहणे हे पहिले काम. पण कागद पाहून न थांबता पंखाजवळ जावे. पंखाच्या आत शिवलेल्या पट्टीवर श्रेणी, वजनाची कक्षा व निर्मितीचे वर्ष लिहिलेले असते. दुहेरी उड्डाणाचा पंख वेगळा व मोठा असतो. एकट्याच्या पंखावर दोघांनी उडणे हा सरळ गुन्हा समजावा. तपासणीची नोंदवही मागावी. कापड उन्हाने जीर्ण होऊन हवा झिरपू देते आणि झिरपणारा पंख वेळी-अवेळी बसतो. दोऱ्या ताणाने वाढतात वा आटतात, आणि पुढच्या व मागच्या दोऱ्यांत एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडला तरी आघातकोन बदलतो. किन्न्याची गाठ बोटभर सरकली की पतंग कसा बिघडतो ते ज्याने पाहिले आहे, त्यास हे पटवून द्यावे लागणार नाही. साधारणपणे दोन वर्षांनी किंवा शंभर तासांच्या उड्डाणानंतर कापडाची व दोऱ्यांची जाणत्या कारागिराकडून तपासणी करून घेण्याची शिफारस निर्माते करतात. राखीव छत्री, शिरस्त्राण आणि चालकाने त्या दिवशी किती उड्डाणे केली आहेत, हेही विचारावे. विचारल्याचा राग येणाऱ्या चालकाबरोबर उडू नये.

गावकऱ्यांचा प्रश्न उतरण्याच्या जागेचा असतो. पावसाळ्यात उड्डाणे बंद असतात आणि भातकापणीनंतर खाचरे मोकळी होतात, हा योग चांगला आहे. तरीही विजेच्या तारा, विहिरी व उभे ऊस-ज्वारीचे पीक यांपासून दूर असलेली एखादी जागा ग्रामसभेत आधीच ठरवून, तिच्या मालकास मोबदला ठरवून द्यावा. रब्बीच्या हरभऱ्यात माणूस उतरल्यावर वाद घालण्यापेक्षा ते बरे. मांज्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे : नायलॉनचा व कृत्रिम धाग्याचा मांजा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंद केला आहे. तो पक्ष्यांस व दुचाकीस्वारांस जसा घातक, तसाच जमिनीलगत येणाऱ्या कोणत्याही उडत्या माणसास घातक ठरेल.

विद्यार्थ्यांसाठी

एका पंखाचा मोकळा वेग, एकूण भार ८५ किलो असताना, ताशी ३७ किलोमीटर आहे. भार १०० किलो केला तर वेग किती होईल? (उत्तर : ताशी सुमारे ४० किलोमीटर. १०० भागिले ८५ याचे वर्गमूळ १.०८ येते.) या पंखाची कक्षा ७५ ते ९५ किलो असेल तर हे उड्डाण करावे काय, याचीही वर्गात चर्चा घ्यावी.

प्रयोगासाठी संक्रांतीच्या सुट्टीत शेपूट नसलेला एक पतंग घ्यावा. कंपासपेटीतील कोनमापकाच्या मध्यास लहान वजन बांधलेला दोरा लोंबता ठेवावा, म्हणजे पतंगाच्या दोराचा क्षितिजाशी होणारा कोन मोजता येतो. प्रथम किन्न्याच्या दोन्ही दोऱ्या नेहमीप्रमाणे ठेवून कोन मोजावा. मग वरची दोरी अर्ध्या बोटाने आखूड करून पुन्हा मोजावा व ताण वाढला की घटला ते लिहावे. त्यानंतर आणखी अर्ध्या बोटाने. कोणत्या तरी एका गाठीस पतंग एकदम नाक घालून खाली येईल. ती लांबी वहीत वेगळ्या शाईने नोंदवावी. तिन्ही मापे एकाच अर्ध्या तासात घ्यावीत, कारण दुपारनंतर वारा बदलतो.